काका सगळ्यांचे होते, त्यात तुम्हीही होतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४१ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. मी नऊ वर्षांची असताना वडील गेले आणि धाकट्या काकांनी आम्हाला गावी आपल्या घरी नेलं. माझं शिक्षण, लग्न सगळं त्यांनीच केलं. काका एसटीत कंडक्टर होते. माळकरी. सलग ३१ वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाचे पेन्शनचे कागद अडले, कुणाच्या घरी मयत झालं, की पहिली हाक त्यांनाच. गेल्या वर्षी कार्तिकात ते गेले. वर्षश्राद्धाला दोन महिने राहिलेत. त्या दिवशी स्मरणिका काढायची, मुख्य लेख मी लिहायचा, असं सगळ्यांनी ठरवलंय.

माझी अडचण अशी, की मी देव मानत नाही. बारावीत असताना तसं काकांना सांगितलंही होतं. ते काही बोलले नाहीत. वारीहून येताना ते सगळ्या पोरांसाठी बुक्का आणि चुरमुरे आणायचे. त्या वर्षापासून माझ्यासाठी बुक्क्याऐवजी पंढरपुरातून एक पेन यायला लागलं. अजून ती पेनं माझ्याकडे आहेत. आता त्यांच्या भक्तीवर मी लिहिणं म्हणजे ढोंग होईल असं वाटतं. दिंडीतली मंडळी चमत्कार सांगतात. एका मुक्कामी काकांनी हात जोडले आणि पाऊस थांबला, हे लेखात यायलाच हवं म्हणतात. चुलतभाऊ म्हणतो, ‘लिही तू, मला विचारू नकोस. ते सगळ्यांचे होते, आमचे कधी होते?’ गावातल्या काहींना वेशीवर काकांच्या नावाची कमान हवी आहे, काहींना प्रतिष्ठान. काका तर कुठेही नावाची पाटी लावू द्यायचे नाहीत. शिवाय त्यांची एक वही माझ्याकडे आहे. कुणाला कधी दवाखान्यात नेलं, कुणाला किती पैसे दिले, सगळं त्यात लिहिलंय. ती छापावी का? नुसतं समाजकार्यावर लिहून भक्तीचा भाग सोडून दिला तर चालेल का?

---

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पेनांच्या ओळीकडे परत आले. ती तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे. अठरा-वीस दिवस, सुमारे २५० किलोमीटर चालून पंढरपुरात पोचलेला माणूस. आषाढीची ती गर्दी. त्या गर्दीत दुकान शोधून तो पुतणीसाठी पेन घेतो, कारण पुतणीनं सांगितलंय की बुक्का माझ्यासाठी नाही. त्यांनी वाद घातला नाही, समजूत काढली नाही, आणि तुम्हाला प्रसादाच्या वाटणीतून वगळलंही नाही. तुमच्या वाटणीचं काय आणायचं एवढंच बदललं.

असं वागणाऱ्या माणसाच्या भक्तीबद्दल लिहायला तुम्ही भक्त असायला हवं, हे कुणी ठरवलं? विठ्ठल आहे की नाही याचा निकाल तुमच्या लेखात लागायचा नाही. काका विठ्ठलाशी कसे वागत आणि त्यामुळे माणसांशी कसे वागत, हे सांगायचं आहे. त्या घरात तुम्ही वाढलात, रोज ते पाहिलंत. सकाळच्या पाळीला निघण्याआधी हरिपाठ कधी व्हायचा, एकादशीला घरातलं वातावरण कसं असायचं, ज्येष्ठ लागला की त्यांच्या वागण्यात काय फरक पडायचा, हे तुमच्याइतकं बारकाईनं दिंडीतलेही सांगू शकणार नाहीत. त्यांनी काका वर्षातले वीस दिवस पाहिले. तुम्ही उरलेलं वर्ष पाहिलंत.

तेव्हा लेखात सुरुवातीलाच सरळ लिहा, की मी देव मानत नाही आणि काकांना ते ठाऊक होतं. मग पेनांची गोष्ट सांगा. ढोंगाची भीती तिथेच संपेल, आणि वाचणाऱ्या माळकऱ्याला तुमच्याबद्दल परकेपणा वाटेल असं मला मुळीच वाटत नाही.

आता ‘भक्ती सोडून समाजकार्यावर लिहिलं तर?’ हा प्रश्न. चालेल की. कुणी अडवणार नाही. पण मग तो लेख दुसऱ्याच कुणाचा होईल. समाजकार्य हा शब्द काकांच्या तोंडी कधी होता का? मला शंका आहे. भक्ती एका खणात आणि सेवा दुसऱ्या खणात, ही मांडणी आपण शिकलेल्या लोकांची. वारीत चालणाऱ्याला ती कळायचीही नाही. तिथे समोर आलेल्याच्या, मग तो वयानं लहान का असेना, पाया पडायचं आणि त्याला माऊली म्हणायचं. ज्याच्या पायाला फोड आले त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घ्यायची. मिळेल त्या जागी पथारी टाकायची, पंगतीत कोण शेजारी बसलंय ते विचारायचं नाही. एकतीस वर्षं दरवर्षी हे अंगवळणी पडलेला माणूस गाडीत सुटे पैसे नसलेल्या म्हातारीशी कसा बोलत असेल? पेन्शनच्या कागदांसाठी तालुक्याला तिसऱ्यांदा हेलपाटा पडला तेव्हा तो चिडत नसेल, तर का नसेल? हे दुवे शोधा. सापडतील तेवढेच लिहा. जिथे सापडणार नाहीत तिथे ओढूनताणून जोडू नका. ते चिडतही असतील, आणि तसं असेल तर तेही यावं.

चमत्काराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही स्वतःच्या नावानं ‘पाऊस थांबला’ असं लिहू नका, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना खोटंही पाडू नका. ज्यानं सांगितलं त्याच्याजवळ बसा आणि विचारा, त्या रात्री नेमकं काय झालं? कुठला मुक्काम, राहुटीत किती जण होते, सामानाचा ट्रक कुठे अडकला होता, पाऊस सुरू झाला तेव्हा काका काय करत होते, थांबल्यावर काय केलं? माणूस आठवू लागला की त्याच्या बोलण्यात ओल्या चटया येतात, विझलेली चूल येते, थंडीनं कुडकुडणारी एखादी आजी येते. त्यात काका कुठे उभे होते ते ऐका आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा: ‘आमच्या दिंडीतले एक जण सांगतात…’ पाऊस त्यांच्या सांगण्यात थांबला तर थांबू द्या.

काळजी मला दुसऱ्या गोष्टीची वाटते, विशेषणांची. माझे मामा गेले तेव्हा आम्हीही असंच पुस्तक काढलं होतं. निष्ठावान, निःस्वार्थी, अजातशत्रू, कर्मयोगी, सगळं त्यात होतं आणि प्रत्येकानं मनापासून लिहिलं होतं. आज ते पुस्तक उघडलं की मामा कुठेच सापडत नाहीत. एका शेजाऱ्यानं मात्र शेवटच्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. मामा पहाटे गिरणीत जाताना आमच्या गल्लीत सायकलची घंटी वाजवत नसत, लोक झोपलेले असतात म्हणून. उतरून सायकल हातानं ढकलत नेत. त्या चार ओळींसाठी ते पुस्तक मी जपून ठेवलंय. तुमच्या स्मरणिकेसाठी ज्यांच्याकडून मजकूर मागवाल त्यांना ‘काकांविषयी दोन शब्द लिहा’ असं सांगू नका. दोन शब्द मागितले की विशेषणंच येतात. ‘काकांबरोबरचा एक दिवस सांगा’ म्हणा. लिहिता येत नसेल तर फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून घ्या, आधी विचारून. गावातल्या म्हाताऱ्या बायका लिहून देणार नाहीत, पण बोलतील.

आता चुलतभाऊ. इथे मला तुमच्याशी थोडं कठीण बोलायचंय. रागावू नका.

‘ते सगळ्यांचे होते, आमचे कधी होते?’ हे वाक्य म्हणजे स्मरणिकेतला अडथळा आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. भाऊ कडवट आहे, त्याला कसं सांभाळायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मला वाटतं त्या ‘सगळ्यांत’ तुम्हीही आहात. वडील गेल्यावर तुम्हाला जो आधार मिळाला, तो एका कंडक्टरच्या पगारातून, एका घराच्या जागेतून आणि एका माणसाच्या उरलेल्या वेळातून मिळाला. त्या पगारावर, त्या वेळावर हक्क सांगणारी काकांची स्वतःची मुलं तुमच्याआधी त्या घरात होती, किंवा निदान तुमच्याबरोबर वाढत होती. भाऊ हे तुमच्या तोंडावर कधीच बोलणार नाही. त्याचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणूनच बोलणार नाही. पण ‘मला विचारू नकोस’मध्ये ते असू शकतं. तुमची यात काही चूक नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं काय करायचं होतं? तरी ते खरं असेल तर तुम्हाला ठाऊक असलेलं बरं, कारण मग त्याच्यासमोर तुम्ही काकांची बाजू घेऊन बसणार नाही.

वारीचे दिवस बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते. म्हणजे जून, कधी जुलैची सुरुवात. शाळा उघडतात, पेरण्या लागतात. बाकीच्यांचे वडील वह्यांना कव्हरं घालत असतात तेव्हा या घरातले वडील टाळ घेऊन वाटेवर. एक-दोनदा नाही, एकतीस वेळा. तुम्हाला काकांची वारी आठवते ती पेनापासून. भावाला ती कुठून आठवत असेल?

त्याला लेखासाठी विचारू नका. लेख बाजूला ठेवून भेटायला जा. आणि पहिलं वाक्य तुमचं असू द्या: ‘माझ्यामुळे तुमच्या वाटणीचं कमी झालं का, हे मी कधी विचारलंच नाही.’ तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर चहा पिऊन या. तो जे सांगेल त्यातलं एक अक्षरही त्याच्या परवानगीशिवाय छापू नका. पण ऐकून आल्यावर तुम्ही जो लेख लिहाल त्यात ‘त्यांनी घरादाराची पर्वा केली नाही’ असलं वाक्य कौतुक म्हणून येणार नाही. अशा लेखांत ते हमखास येतं, आणि समोरच्या रांगेत बसलेली मुलं ते मान खाली घालून ऐकतात.

आणि काकू? तुमच्या पत्रात काकांचा उल्लेख ओळीओळीला आहे. काकूंचा एकदाही नाही. मी दोनदा तपासलं.

माळकरी माणसाच्या घरची बाई कशी असते ते आपल्याला कीर्तनांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय. तुकोबांच्या जिजाई, म्हणजे आवली, कीर्तनात येतात त्या भांडखोर म्हणून. लोक हसतात. पण १६३० च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी आणि मुलगा गेले होते. घर बसलं होतं. त्या घरात उरलेल्या लेकरांच्या तोंडात घास घालायची जबाबदारी जिजाईवर होती, आणि भंडारा डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला शोधत भाकरी घेऊन त्याच चढत होत्या. त्या रागामागे काय होतं हे आपण सहसा विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तुमच्या कामाची आहे. देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन पंढरपूरला जायची प्रथा १६८५ मध्ये सुरू केली ती त्यांच्या धाकट्या मुलानं, नारायण महाराजांनी. परंपरा असं सांगते, की तुकोबा गेले तेव्हा ते जन्मलेही नव्हते, जिजाईंच्या पोटात होते. म्हणजे वडिलांना त्यांनी पाहिलंच नाही. मग ज्यांच्या पादुका घेऊन ते निघाले, ते वडील त्यांना कुणी सांगितले असतील? भावंडांनी, गावानं सांगितले असतील. आणि आईनं. भाकरी घेऊन डोंगर चढलेल्या त्या बाईनं. मला हा विचार वारीत पालखी पाहताना दरवर्षी येतो.

तेव्हा लेखाची सुरुवात काकूंपासून करा. म्हणजे छापताना त्या पहिल्या पानावर हव्यात असं नाही, पण ऐकताना त्या पहिल्या हव्यात. काका वारीला निघाले की पेरणी कुणी उरकली? दवाखान्यातून रात्री अकराला कुणाला घेऊन आले तर चूल कुणी पेटवली? कुणाला पैसे दिले त्या महिन्यात घर कसं चाललं? काकू ‘त्यात काय एवढं’ म्हणतील. थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. भांडी घासताना, निवडायला बसल्यावर, हात कामात असताना विचारा. समोर फोन ठेवून ‘काकू, बोला’ म्हटलं की त्या ‘फार चांगले होते’ एवढंच म्हणतील.

आता ती वही. छापू नका, यावर मी ठाम आहे. त्यात कुणाचा आजार आहे, कुणाची उधारी आहे, कुणाच्या सुनेला रात्री कुठे नेलं ते आहे. काकांनी ते आपल्या हिशेबासाठी लिहिलं. ज्यांची नावं आहेत त्यांनी ते गावासमोर यावं म्हणून मदत घेतली नव्हती. उपकाराची यादी गावात वाटली, तर काकांनी जी लाज झाकली होती ती तुम्ही उघडी कराल. पण वही वापरा जरूर. एका वर्षात किती फेऱ्या झाल्या ते मोजा आणि नावांशिवाय तेवढंच लिहा. कंडक्टरची वही आहे, मोजदाद चोख असणार. त्यातल्या काहींना प्रत्यक्ष भेटा. ते आपणहून नावानिशी सांगायला तयार असतील तर छापा. पैसे अजून येणं असतील तर तो विषय काकू आणि मुलांनी ठरवायचा, स्मरणिकेनं नाही. मूळ वही लॅमिनेट वगैरे करू नका, नीट कोरड्या जागी ठेवा आणि पानांचे फोटो काढून ठेवा. तसंच जुन्या फोटोंचं. मागे मऊ पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की फोटोवर वळ उठतो. दिंडीतले जुने चेहरे ओळखणारी माणसं आता मोजकीच राहिली असतील, हे काम या दोन महिन्यांतच व्हायला हवं.

कमान आणि प्रतिष्ठान याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण इथे तुमचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यानं हयातभर पाटी लावू दिली नाही, त्याच्या नावाची कमान वेशीवर नको. गाडगेबाबांनी पंढरपुरात, नाशकात लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, आपला कुणी शिष्य नाही असं ते सांगत राहिले, आणि दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन केलं. १९५६ मध्ये ते गेले. पुढे राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा गावोगावी माणसं खराटे घेऊन बाहेर पडली. ती आठवण त्यांना शोभणारी होती, कारण ते जे करायचे तेच लोक करत होते.

मात्र कमान मागणाऱ्यांना झिडकारू नका. त्यांना काहीतरी हातांनी करायचंय, डोळ्यांना दिसेल असं. ती मायाच आहे. बांधायचंच असेल तर एसटीच्या थांब्यावर बसायला कट्टा आणि वर सावली करा, ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी घेऊन. उन्हात गाडीची वाट पाहणारी माणसं काकांनी आयुष्यभर पाहिली. नाव घालायचं की नाही ते काकूंना विचारा.

प्रतिष्ठानाची घाई नको. संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासून देणं, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. करणारी माणसं असतील तर यात अवघड काही नाही. पण पहिल्या वर्षीच्या भावनेत सात जण सह्या करतात आणि तिसऱ्या वर्षी सगळं एकट्याच्या गळ्यात पडतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. आधी वर्षभर काम करून बघा, नोंदणी नाही, पावती पुस्तक नाही, वर्गणीही नाही. काकांच्या पश्चात गावात आजारी माणसाला तालुक्याला कोण नेतं? हा खरा प्रश्न आहे आणि त्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पाच जणांनी आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. एकाकडे गाडी असावी, एकाला कागदपत्रांतलं कळत असावं. फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. वर्षानंतर हे टिकलं असेल तर संस्थेचा विचार करा. वर्षश्राद्धाला रक्तदान शिबिर ठेवलंत तरी चांगलं, पण जवळच्या रक्तपेढीला आधी विचारा. एका दिवशी गरजेपेक्षा जास्त पिशव्या गोळा होऊन उपयोग नसतो, त्यांना सोयीची तारीख तेच सांगतील.

ज्यांचे काका चर्चमध्ये प्रार्थना करून, मशिदीत नमाज पढून किंवा विहारात वंदना घेऊन मग लोकांच्या कामाला निघायचे, अशा वाचकांची पत्रंही माझ्याकडे आहेत. त्यांनाही मी हेच लिहिलं असतं: घरच्यांना आधी ऐका, मदत घेतलेल्यांची अब्रू सांभाळा, आणि आपली श्रद्धा नसेल तर ती नाही हे सांगून त्यांची श्रद्धा जशी पाहिली तशी लिहा.

आता राहिलं ते एवढंच, की तुमचे काका कार्तिकात गेले. माऊलींची समाधीही कार्तिकातली, वद्य त्रयोदशीची, १२९६ सालची. त्या समाधीचं वर्णन नामदेवांच्या नावानं चालत आलेल्या अभंगांत आहे. ते मित्राचं सांगणं आहे. त्यात देवही आहे, पण निवृत्तिनाथांसारखा ज्ञानी गुरू, थोरला भाऊ, त्या वेळी कसा कोसळला हेही लपवलेलं नाही. भावंडांचं रडणं जसंच्या तसं ठेवलंय. आळंदीला समाधीच्या दिवशी आजही नामदेवांच्या वंशजांच्या कीर्तनाची परंपरा आहे. काका आळंदीच्या कार्तिकी यात्रेला जात असतील, तर त्यांनी ते कीर्तन उभं राहून ऐकलंही असेल. म्हणजे वारकऱ्यांना शोभेल अशी आठवण कशी लिहायची याचा धडा शोधायला तुम्हाला लांब जायला नको. भक्तीच्या लेखात भावाचं दुःख बसत नाही, अशी भीती असेल तर ती काढून टाका.

स्मरणिकेला पानं थोडी ठेवा. वीस पुरे. काकूंना डोळ्यांनी वाचता येईल एवढी मोठी अक्षरं. जाहिराती घेऊ नका. सगळ्या प्रती छापण्याआधी पहिली प्रत काकूंना, दुसरी भावाच्या हातात, आणि ती गावात वाटण्याच्या निदान आठ दिवस आधी, म्हणजे त्यातलं काही खटकलं तर बदलायला वेळ राहील. या आषाढीला दिंडी पहिल्यांदाच काकांशिवाय गेली असेल. दिंडीच्या विणेकऱ्यांना विचारा, काकांची चालायची जागा या वर्षी कुणी घेतली, की मोकळीच ठेवली.

या रविवारी गावी जा. भावाला कळवून जा, पण त्यानं थांबावं अशी अट घालू नका. काकूंजवळ बसा आणि विचारा, काका पहिल्या वारीला निघाले त्या दिवशी सकाळी घरात काय चाललं होतं? त्या पेनांपैकी एखादं अजून चालत असेल तर बरोबर न्या. सांगायला लागल्या की काकू थांबायच्या नाहीत.